गळा कामगाराचा, कागद मालकाचा

सॉलोमन लिंडा हा झुलू कामगार. जोहान्सबर्गला गॅलो कंपनीत रेकॉर्डी बांधायचा. १९३९ साली तिथंच त्याने 'म्बुबे' गायलं. म्बुबे म्हणजे सिंह. गाणं तुफान खपलं. १९५२ साली कंपनीने हक्क लिहून घेतले, १० शिलिंगांत! १९६१ साली अमेरिकेत त्याच चालीवर इंग्रजी शब्द चढवून जगभर विकलं. १९६२ साली लिंडा कंगाल मेला. कबरीवर साधा दगड नव्हता.

इंग्रजांचा १९११ चा कायदा सांगत होता : लेखक मेल्यावर २५ वर्षांनी हक्क वारसांचा. म्हणजे १९८७ सालीच पोरींचा. डिस्नेवर दावा लागला २००४ साली, तडजोड २००६ साली. तोवर डिस्नेचा 'लायन किंग' तेच गाणं वाजवून गल्ला भरून मोकळा. कायदा पुस्तकात झोपलेला असतो. आपणच त्याला हलवून उठवायचा.