बकुळीहार

बकुळीचं फूल तोडावं लागत नाही. पहाटे ते आपणच झाडाखाली पडतं, तेही देठ आणि हिरवा पुष्पकोश झाडावर ठेवून. हातात येतं ते करवती काठाचं पांढरं चक्र, मधोमध आरपार भोक. त्याला सुई लागत नाही. केळीच्या सोपटाचा धागाही सहज जातो. फुलात आयताच मणी देणारी झाडं बागेत फारशी नाहीत, आणि सोन्याच्या बकुळीहाराची कुळकथा मला तरी या भोकातूनच सुरू झालेली दिसते.

नाव जुनं. संस्कृतात बकुल आणि केसर, प्राकृतात बउल, कोकणात ओवळ. फुलांना दागिन्याचा मान होताच. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिसऱ्या सर्गात पार्वती येते ती वसंताची फुलं लेवून: माणकांच्या जागी अशोक, सोन्याच्या जागी कर्णिकार, मोत्यांच्या सरांच्या जागी निर्गुडी, आणि कमरेला केसराची, म्हणजे बकुळीची मेखला, जी सारखी घसरते आणि ती सावरत राहते. तिथे फुलं सोन्याचं काम करतात. आपल्या सोनारांनी ते उलटं फिरवलं.

उलटं फिरवायला कारण होतं. बकुळ सुकते, तपकिरी होते, पण वास सोडत नाही. वहीत, कपाटात, लुगड्यांच्या घडीत ती टिकते. रूप मात्र जातं. सोनाराने नेमकं तेच राखलं आणि वास सोडून दिला. सौदा अर्धाच, पण वाईट नाही.

घडवताना त्याने एक मोठा बदल केला. खऱ्या माळेत धागा भोकातून जातो, म्हणून फुलं एकावर एक दाटतात आणि दिसतात त्या फक्त कडा. हारात प्रत्येक फूल तोंड समोर करून बसतं. पातळ पत्र्यावर ठसा मारून फूल उठवायचं, मागे कड्या झाळायच्या आणि फुलाला फूल जोडत जायचं. खऱ्या फुलात चोवीसेक अरुंद पाकळ्या दिसतात; ठशात तेवढ्या उठवणं जिकिरीचं, म्हणून थोड्यावर भागवतात. भोकाच्या जागी बऱ्याच हारांत टपोरा उंचवटा किंवा खडा येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ याला चूक म्हणेल. मी म्हणणार नाही. गळ्यात घातल्यावर ओळख पटते, एवढं पुरे.

मराठी दागिन्यांची नावं नुसती वाचली तरी परसबाग आणि खळं समोर येतं: बोरमाळ, जोंधळी पोत, चाफेकळी, पोहेहार, कोल्हापुरी साजातलं कारलं आणि बेलपान. बोरमाळेतली बोरं पोकळ, आत लाख भरलेली, म्हणून कमी सोन्यात गळा भरतो. ही काटकसर बागेने शिकवलेली नाही, ती आपल्या घरांची आहे.

घरात जुना बकुळीहार असेल तर तो एकदा उलटा करून पाहा. मागच्या कड्या झिजल्या असतील, तर नव्या झाळून घ्या. हार मोडीत घालू नका.