खडकावरची खूण

कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीचे कडे ग्रॅनाइटचे. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात शिलारस थिजून हा खडक झाला. वरचे थर झिजल्यावर तो उघडा पडला. तळ खचल्यामुळे दरी झाली, असे सरकारी भूशास्त्रज्ञ व्हिटनी सांगत. तेथील लाकूडगिरणीत राबलेल्या जॉन म्यूर यांनी खडकावरचे ओरखडे व झिलई पाहिली. हिमनदी पोटातल्या दगडांनी खडक घासत जाते. ही तिचीच खूण, असे त्यांनी १८७१ साली वृत्तपत्रात मांडले. व्हिटनींना ते मान्य नव्हते. १९३० साली भूशास्त्रज्ञ मॅथेस यांच्या अहवालाने निवाडा केला : दरी आधी नदीने कोरली, मग हिमनदीने रुंद आणि खोल केली. म्यूर यांनी बर्फाला श्रेय अधिक दिले, पण खूण खरी वाचली. म्हणून आम्ही कामगारबंधूंना सांगतो : पदवी नसली तरी पाहण्याचा हक्क आपला आहे, मात्र पुरावा दाखवलाच पाहिजे.