कादंबरी बाईची, वाचन साऱ्या गावाचे

वाचकहो, गावच्या वाचनालयातील कपाट एकदा नीट न्याहाळून पाहा. ऐतिहासिक कादंबऱ्यांची पाने बहुधा हाताळून मऊ झालेली दिसतील. शेजारी एखाद्या लेखिकेची कादंबरी असेल, तर ती बऱ्याचदा कोरी करकरीत असते. कारण विचारा. उत्तर येते, "अहो, ती बायकांची पुस्तकं! आणि आपल्याकडं बायका कुठं वाचतात?" हे उत्तर कितपत खरे आहे, ते इतिहासाला विचारून पाहू या.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७३ मध्ये, साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे काशीबाई कानिटकर आल्या. त्यांचा जन्म १८६१ चा, गाव आष्टा, आजच्या सांगली जिल्ह्यातले. नवव्या वर्षी लग्न झाले आणि अक्षरओळख झाली ती सासरी आल्यावर. बायकोने शिकावे ही पतीची इच्छा होती. पण भरल्या घरात सुनेने पुस्तक हाती धरणे सोपे नव्हते. त्याच काशीबाईंची 'रंगराव' ही कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने आली. तेव्हा बायका वाचत नाहीत, असे म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांना वाचू दिले गेले, तिथे त्या वाचून थांबल्या नाहीत, लिहूही लागल्या.

आता कोणी म्हणेल, बाईचे दुःख पुरुषांनी लिहिले नाही का? लिहिले, आणि चांगले लिहिले. १८९० च्या सुमारास हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूची कहाणी यमूच्याच तोंडून सांगितली. ती वाचून अनेक घरे हळहळली. परंतु कणव येणे वेगळे आणि ज्याचे त्याने बोलणे वेगळे. दुसऱ्याच्या शेतातले पीक बांधावरूनही दिसते. तण किती माजले ते आत उतरणाऱ्यालाच कळते.

हे १९३३ साली लोकांना चांगलेच जाणवले. 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह बाहेर आला आणि मोठा गदारोळ उडाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात उघड लिहिले होते. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. नाव टोपण होते. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या स्वतः मुलींच्या शाळेत शिकवीत. शिक्षक मंडळींनी याचा विचार करावा. जे प्रश्न वर्गात रोज समोर बसत होते, ते कागदावर मांडायला एका शिक्षिकेला स्वतःचे नाव लपवावे लागले.

पुढच्याच वर्षी, १९३४ साली, त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली. तिला पुन्हा कोणावर प्रेम करण्याचा, आई होण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न. खेड्यातल्या कित्येक जातींत काडीमोड होता, पाट होता. पांढरपेशा घरातल्या बाईला मात्र यातले काहीच नव्हते. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली, आणि हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. कायद्याच्या दारात हा प्रश्न पोहोचण्याआधी तेरा वर्षे तो एका कादंबरीत विचारून झाला होता.

बरे, ही सारी 'बायकांचीच' पुस्तके का? मालतीबाईंची १९५० ची 'बळी' घ्या. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरास अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले जाई. मालतीबाईंनी तिथे नोकरी केली, जे पाहिले त्यावर 'बळी' लिहिली. तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. या कुंपणाआड बाप्ये होते, बाया होत्या, पोरे होती. मग हे पुस्तक कोणी एकानेच का वाचावे?

आणि अगदी आपल्या दाराशी यायचे, तर कविता महाजन यांची 'ब्र' ही २००५ ची कादंबरी आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या. बाई सरपंच झाली. पण सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा, असे घडते ना? आदिवासी भागातल्या अशा बायका या कादंबरीत बोलतात. गावात 'ब्र काढायचा नाही' असे आपण म्हणतो. त्यातलाच हा ब्र. ग्रामसभेला जाणाऱ्या प्रत्येकाने, पुरुषानेही, ती वाचावी.

म्हणून गुरुजी आणि बाई, एक विनंती आहे. पुस्तक सुचवताना नुसते 'चांगलं आहे, वाचा' म्हणू नका. त्यात कोणाचा प्रश्न आहे ते दोन वाक्यांत सांगा. "टाकलेल्या बाईनं पुढं जगायचं कसं, ते यात आहे," असे म्हटले की ऐकणारा कान टवकारतो. एखाद्या पुस्तकात कठीण प्रसंग असतील तर तेही आधीच सांगावे. वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. आणि न आवडल्यास तसे म्हणण्याची मुभा द्यावी. शिफारस म्हणजे काही हुकूम नव्हे.

वाचनालयाची वेळही पाहा. ते संध्याकाळी उघडत असेल, तर तीच वेळ चुलीची. आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी ठेवता येते. बचत गटाच्या बैठकीला चार पुस्तके नेता येतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, असे विचाराल, तर आपल्याकडे पोथी एकजण वाचतो आणि सारा वाडा ऐकतो, ही रीत जुनीच आहे. तशीच कादंबरीही रोज एक प्रकरण वाचता येईल. सासू ऐकेल, सून वाचेल.

सुरुवात एका पुस्तकाने करा. मात्र ते प्रथम आपण स्वतः वाचा. न वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्यात अर्थ नाही. मग देवघेवीच्या वहीत नाव लिहिताना, पुस्तक खरोखर जिला हवे आहे तिचेच नाव लिहा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर ते घालू नका. बायका वाचतात की नाही, हे मग वहीच सांगेल.