घरात करायचं की जॉबला द्यायचं? बेळगावच्या कारखानदारीतला एक जुना प्रश्न



बेळगावच्या आठवणी निघाल्या की कुंदा, मांडे, कॅम्प, किल्ला आणि सीमाप्रश्न यांवर भरपूर लिहिलं जातं. इथल्या शेडमधल्या लेथवर आणि भट्ट्यांवर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. खरं तर आपल्यातल्या कित्येक घरांची चूल त्यांच्यावरच पेटली. मी बँकेत होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर गेली. समोर येणाऱ्या फाइलींत माल वेगळा, माणसं वेगळी, पण एक प्रश्न फिरून फिरून तोच असायचा. हे काम आपल्या शेडमध्ये करायचं, की बाहेर कोणाला द्यायचं? आता याला 'आउटसोर्सिंग' म्हणतात. आपल्याकडं साधं 'जॉबला देणं' म्हणायचे. या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं आपल्या भागानं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पाहिली. आज त्याविषयी लिहितो. लांबलंय, पण सवडीनं वाचा.

पहिलं उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. जन्म १८६९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. तिथून सायकली घेऊन बेळगावला धाडायचे आणि बंधू रामूअण्णा त्या इथं विकायचे. किर्लोस्कर समूह आपलं सुरुवातीचं साल १८८८ सांगतो, ते या सायकलीच्या धंद्यापासून. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या कारखानदाराची सुरुवातसुद्धा दुसऱ्यानं बनवलेला माल विकण्यातून झाली. पुढं नोकरी सोडून ते बेळगावला आले. कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं नांगर लवकर कोणी घेईना. त्यातच ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची, जागा सोडायची पाळी आली. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तो निवडुंगाचा माळ होता. जवळपास ना लेथ, ना टर्नर, ना फिटर. गावातले सुतार-लोहार होते, पण त्यांचा हात बैलगाडीच्या आणि मोटेच्या कामावर बसलेला. त्यामुळं ओतकाम, यंत्रकाम, रंगकाम, माणसांना शिकवणं, त्यांची घरं, सगळं वाडीतच करावं लागलं. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आणि कोळसा आटला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्याची हकीकत आपण वाचली आहे. पुढं १९२० साली 'किर्लोस्कर खबर'सुद्धा याच माळावरून निघालं. लोक म्हणतात, सगळं घरात करायचं हा लक्ष्मणरावांचा स्वावलंबनाचा बाणा. बाणा असेलही. पण मी कॉमर्सचा माणूस, मला त्यात हिशेब दिसतो. बाहेर काम द्यायला बाहेर कोणी नव्हतंच.

दुसरं उत्तर उद्यमबागचं, आणि ते अगदी उलटं. साठ-सत्तर वर्षांत आजूबाजूची माणसं बदलली होती. मोठ्या कारखान्यांत काम करून हात तयार झालेले टर्नर, फिटर, पॅटर्न करणारे सुतार आता गावात होते. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर लहान उद्योगाला कर्ज देणं हे बँकांचं कामच ठरलं. एखादा टर्नर नोकरी सोडून एक लेथ टाकायचा, शेजारचा ड्रिलिंग मशीन घ्यायचा, तिसरा फेटलिंगची माणसं ठेवायचा. १९७९ साली तर उद्यमबागेतच गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज निघालं.

त्यामुळं एक ओतीव भाग तयार होताना चार दारं फिरायचा. पॅटर्न एकाकडं, ओतकाम फाउंड्रीत, फेटलिंग तिसऱ्याकडं, टर्निंग चौथ्याकडं, आणि मग टेंपोत बसून पुणे-कोल्हापूरच्या इंजिन-पंपांच्या कारखान्यांकडं. फाउंड्रीवाल्यानं मशीन का घेतलं नाही? कारण जुन्या कपोला भट्टीत रोज ओतकाम नसायचं. आठवड्यातून एखादा-दोन दिवस ओतायचं, बाकीचे दिवस साचे भरायचे. एवढ्या कामावर लेथ रिकामी राहिली असती. शेजारच्या लेथवाल्याकडं मात्र चार फाउंड्र्यांचं काम यायचं, म्हणून त्याची लेथ फिरती राहायची. दुसरंही एक कारण होतं, ते कोणी मोठ्यानं सांगायचं नाही. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये दहा माणसं झाली की फॅक्टरी ॲक्ट लागायचा. नऊ माणसांवर थांबून उरलेलं काम बाहेर देणारे पुष्कळ होते. यात मालकाची सोय झाली, पण दहाव्या कामगाराचं काय झालं हेही विचारलं पाहिजे की हो.

या व्यवस्थेतलं खरं भांडण ब्लो होलचं. ओतीव भागाच्या पोटात हवेची पोकळी राहिलेली असते. वरून माल देखणा दिसतो. लेथवर चढवून कातलं की मगच भोक उघडं पडतं. तोवर लेथवाल्याचा वेळ, वीज, टूल सगळं खर्ची पडलेलं. आता मजुरी कोणी सोसायची? ज्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं, की ओतकामाचा दोष निघाला तर मशीनिंगची मजुरी फाउंड्रीवाला देईल आणि माप चुकलं तर लेथवाला भरून देईल, त्यांचे संबंध वर्षानुवर्षं टिकले. 'बघू नंतर' म्हणणाऱ्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुटले.

तिसरं उत्तर शहापूरचं, आणि ते जरा कडू आहे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. तिथली लुगडी नावाजलेली. शहापूर, वडगाव, खासबाग भागात घराघरात माग. घरातल्या बायका कांड्या भरायच्या, पुरुष मागावर बसायचे. हातमागाच्या जागी पुढं यंत्रमाग आले. जवळच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला होता. तिकडं 'खर्चीवाला' असा एक शब्द आहे. व्यापारी सूत देणार, हा मजुरीवर कापड विणून देणार. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, गिऱ्हाईक व्यापाऱ्याचं. विणणाऱ्याचं काय? माग, जागा, विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता. आपल्याकडच्याही बऱ्याच मागवाल्यांची गत तीच.

व्यापाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर काम बाहेर देण्याचा हा सगळ्यात फायद्याचा प्रकार. साडीला उठाव नसला की सूत देणं थांबवायचं, बस्स. मंदी उठून मागवाल्याच्या अंगणात जाऊन बसते. २०२० च्या टाळेबंदीत हे आपण डोळ्यांनी पाहिलं. काम बंद, पण कर्जावरचं व्याज चालू. ज्या गल्ल्यांत दिवसरात्र खटखट ऐकू यायची, तिथं आज तो आवाज किती विरळ झालाय ते तिथल्या लोकांना विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं, की काम बाहेर देताना आपण फक्त काम देत नाही, मंदीची जोखीमही देतो. ती कोणाच्या डोक्यावर जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे बघून निर्णय घ्यावा.

आता थोडा हिशेब. समजा एक सीएनसी मशीन २० लाखांचं आहे. ५ लाख आपले, १५ लाख बँकेचे, मुदत ५ वर्षं. मुद्दल महिना २५ हजार. १२ टक्क्यांनी व्याज सुरुवातीला महिना १५ हजार. ऑपरेटरचा पगार, विजेचा स्थिर आकार आणि देखभाल मिळून २२ हजार धरा. म्हणजे मशीन फिरो न फिरो, महिन्याला ६२ हजार जाणार. बाहेर एका नगाची मजुरी ५० रुपये आहे, आणि घरात केलं तर नगामागं वीज, टूल, तेल यांचे १० रुपये. वाचले ४० रुपये. ६२ हजारांना ४० नं भागा, १,५५० नग येतात. महिन्याला इतके नग झाले तर बरोबरी. त्याहून कमी असतील तर बाहेर दिलेलं बरं.

इथवरचा हिशेब सगळेच करून आणायचे. प्रोजेक्ट रिपोर्टात ३,००० नग लिहिलेले असायचे. ते असायचे चांगल्या महिन्याचे. मी विचारायचो, गेल्या दोन वर्षांत सगळ्यात कमी नग कुठल्या महिन्यात गेले, ते सांगा. समोरचा डोकं खाजवायचा, मग खिशातून डायरी निघायची आणि आकडा ९०० निघायचा. हप्ता सरासरी बघून येत नाही हो, तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. पडत्या महिन्यातही जेवढं काम नक्की असतं, तेवढ्यानं मशीन पोसलं जात असेल तरच ते घ्यावं. त्याच्या वरचं काम बाहेर द्यावं.

पण इथं शहापूर आठवावं. ज्या शेजाऱ्याकडं तुम्ही फक्त वरचं काम टाकता, त्याच्या पोटाला तळाचं काम कोण देणार? उद्यमबागेत जे जाणते होते, ते मंदीतही आपल्या लेथवाल्याकडं थोडं काम पाठवायचे. मग तेजीत तो लेथवाला दुसऱ्याचं काम बाजूला ठेवून यांचं आधी करून द्यायचा. आणि पैसे वेळेवर. जॉबवाल्याचे पैसे अडकवून आपलं भांडवल वाढवायची सवय फार वाईट. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणूनही धरता येईनात. कायदा उशिरा आला, पण शहाणपण जुनंच आहे.

कितीही काम बाहेर दिलं तरी तीन गोष्टी हातात ठेवाव्यात, असं मला फाइलींवरून दिसलं. एक म्हणजे गिऱ्हाईक. माल जॉबवाल्याच्या दारातून परस्पर गिऱ्हाइकाकडं जाऊ लागला की सहा महिन्यांत ऑर्डरही परस्पर जाते. दुसरी गोष्ट पॅटर्न, साचे, फिक्स्चर. ते बाहेर ठेवावे लागले तर कोणाकडं काय आहे याची यादी सहीनिशी आपल्याकडं हवी. तिसरी शेवटची तपासणी. मापाचं गेज आपल्या टेबलावर हवं, कारण माल परत आला की नाव आपलं जातं.

कागदांचंही सांगतो, कारण तिथं भलेभले अडकतात. १९८६ साली मॉडव्हॅट आला, तेव्हापासून एक्साइज भरणाऱ्यांचा माल जॉबला जायचा तो ५७ एफ च्या चलनावर. आता जीएसटीत कच्चा माल चलनावर पाठवला की तो १ वर्षात आणि यंत्र असेल तर ३ वर्षांत परत आलं पाहिजे, नाहीतर पाठवलेल्या दिवशीच विकला असं समजून कर लागतो. साचे, डाय, जिग, फिक्स्चर यांना ती ३ वर्षांची अट नाही. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जॉबवाल्याकडं असलेला माल वेगळा दाखवावा. आणि विम्याची पॉलिसी काढून बघा. बहुतेकदा ती आपल्या शेडच्या पत्त्यावर असते. जॉबवाल्याकडं आग लागली आणि तो पत्ता पॉलिसीत नसला, तर भरपाई मागायला तोंड राहत नाही.

आज बेळगावचं रूप आणखी बदललंय. हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, तेही परदेशी कंपन्यांनी बाहेर दिलेलंच काम. आपली मुलं बंगळूर-पुण्याला संगणकावर बसून करतात, त्यातलंही बरंच दुसऱ्या देशातल्या कोणीतरी जॉबला दिलेलं. त्यांना मी शहापूरचीच गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक कोणाचं आहे, आणि काम थांबलं तर हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, एवढं विचारत जा.

उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या शेड आणि शहापूर-वडगावचे माग यांच्या वह्या, चलनबुकं, जुने फोटो कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. आपल्या घरात या प्रश्नाचं काय उत्तर निघालं तेही लिहा. नफ्याचं असो, नाहीतर तोट्याचं.