गेलेल्यांची गणती, उरलेल्यांचा मेंदू

१९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला. गेलेल्यांची गणती झाली. जीं मुलें उपासमारींतून वांचलीं, त्यांच्या मेंदूचें काय झालें, हा प्रश्न मात्र मागेंच राहिला.

जन्मतेवेळीं मेंदूचें वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें एक चतुर्थांश असतें. सहाव्या वर्षापर्यंत तें नऊ दशांशांच्या घरांत पोंचतें. विवेकाचें स्थान जो कपाळामागील भाग, तो विशीनंतरही पक्व होत राहतो खरा. पण पाया आधींच पडलेला असतो. या काळांत लोह वा आयोडीन कमी पडलें, तर ती तूट पुढें भरून निघणें कठीण. आणि नुसत्या अन्नानेंही भागत नाहीं. बाळाच्या हुंकारास कोणी हुंकार द्यावा, तेव्हां कोठें मेंदूंतील जोडण्या दृढ होतात.

जवळच्या डहाणू तालुक्यांत हें पूर्वींच ओळखलें गेलें होतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस कार्य आरंभिलें आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मूल शाळेंत येईना, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणांत गेली! १९७५ च्या सरकारी योजनेच्या केंद्रांसही पुढें ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें.

दिवाळीनंतर मात्र जव्हार-मोखाड्यांतील कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. मूल आईच्या कडेवर जातें. अंगणवाडी गांवींच राहते.