तांबेरा आणि कुंपण : रस्ट व वेबअसेम्ब्ली यांच्या जोडीचा इतिहास 🧵

१/ परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात तांबेरा कोणाला सांगावा लागत नाही. गव्हाच्या, सोयाबीनच्या पानांवर तांबूस पुटकुळ्या उठवणारी ही चिवट बुरशी. याच बुरशीच्या कुळावरून एका संगणकभाषेला नाव मिळाले : रस्ट. ब्राउझरमध्ये जन्मलेल्या वेबअसेम्ब्लीशी तिची गाठ कशी पडली, त्याचा हा इतिहास.

२/ सन २००६, कॅनडातील व्हँकुव्हर. मोझिलातील २९ वर्षांचे ग्रेडन होअर घरी परतले, तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचे सॉफ्टवेअर कोसळले होते. घर एकविसाव्या मजल्यावर. अशा यंत्रांचे प्रोग्राम बहुधा सी किंवा सी++ मध्ये लिहिले जात, आणि मेमरी हाताळण्यातील चुका हे त्यांचे जुने दुखणे होते.

३/ होअर यांनी नवी भाषा रचावयास घेतली. २००९ पासून मोझिलाने तिला पाठबळ दिले. तिचा मुख्य नियम मालकीचा. प्रत्येक मूल्याचा मालक एका वेळी एकच; इतरांना ते उसने मिळते, परंतु मालक संपल्यावर उसनवारी चालत नाही. ही तपासणी प्रोग्राम चालण्यापूर्वीच होते.

४/ प्रश्न किती मोठा होता? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात.

५/ दुसरा प्रवाह ब्राउझरचा. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला. पुढे तिच्यावर जड कामे येऊन पडली. २०१३ मध्ये मोझिलाने एएसएम.जेएस हा तिचाच वेगवान उपसंच मांडला.

६/ मग आले २०१५. १५ मे रोजी रस्टची १.० आवृत्ती, १७ जूनला वेबअसेम्ब्लीची घोषणा. २०१७ अखेर क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांत ती चालू लागली. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्यांचे हे दुर्मीळ एकमत.

७/ जोडी का जमली? वेबअसेम्ब्ली म्हणजे शेताचे कुंपण : आतला प्रोग्राम परवानगीशिवाय बाहेर हात घालू शकत नाही. पण कुंपणाच्या आत सी मधील चूक स्वतःचीच मेमरी नासवू शकते. ती आतली राखण रस्ट करते. शिवाय रस्टला वापरून झालेली मेमरी गोळा करणारी वेगळी यंत्रणा लागत नाही; त्यामुळे फाईल आटोपशीर राहते.

८/ मार्च २०१९ मध्ये वासी हा मानकप्रस्ताव आला आणि वेबअसेम्ब्लीला ब्राउझरबाहेरची वाट मिळाली. डॉकरचे निर्माते सॉलोमन हाइक्स यांनी तेव्हा मान्य केले की, २००८ मध्ये या दोन्ही गोष्टी असत्या तर डॉकरची गरजच पडली नसती. ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यू३सी या संस्थेने वेबअसेम्ब्लीला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

९/ आणि मग आघात. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० कर्मचारी कमी केले. रस्टवर काम करणारे अनेकजण त्यांत होते. भाषा आता टिकेल का, अशी शंका उघडपणे व्यक्त होऊ लागली.

१०/ ती टिकली. संहिता मुक्त होती आणि जाणकार इतर संस्थांत विखुरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतंत्र रस्ट फाउंडेशन स्थापन झाले. एकेकाळी एका कंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या भाषेला अनेक आधार मिळाले.

११/ तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात. एक शेत मोडले तरी तो दुसरीकडे उगवतो. होअर यांना या बुरशीचे आकर्षण वाटले ते तिच्या याच तगून राहण्याच्या गुणामुळे. शेतकऱ्याला नकोशा असलेल्या त्या गुणानेच २०२० मध्ये ही भाषा तारली.