१९११ : बदलत्या सिंहासनांचे वर्ष आणि परभणी

परभणी जिल्ह्यातील निजामकालीन महसुली कागदपत्रांत १९११ हा आकडा सहसा आढळत नाही. तेथे फसली १३२० किंवा १३२१ असा सन असतो. हैदराबाद संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. त्यामुळे फसली सनात डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळविले की इसवी सन निघतो. जुनी सेतवार घेऊन वारसहक्क शोधणाऱ्यांना हा हिशेब आजही उपयोगी पडतो.

परभणी तेव्हा संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यात होती व आजचा हिंगोली जिल्हा तिच्यातच समाविष्ट होता. येथील रयतेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोठी घटना २९ ऑगस्टची. त्या दिवशी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे हैदराबादेत फलकनुमा राजवाड्यात निधन झाले. अवघ्या दोन वर्षांचे असताना, १८६९ मध्ये त्यांना गादी मिळाली होती. त्यांच्यामागून पंचविशीतील मीर उस्मान अली खान सत्तेवर आले. हेच अखेरचे निजाम ठरले.

ब्रिटिश साम्राज्यातही २२ जूनला पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक झाला. १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात त्यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची व बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा केली. नवे निजामही या दरबारास उपस्थित होते. मराठी मुलखात मात्र चर्चा झाली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची. बादशहास एकदाच मुजरा करून पाठ फिरवून ते परतले, असा आक्षेप घेऊन इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर माजविले.

तिकडे चीनमध्ये १० ऑक्टोबरला वुचांग येथे लष्करी उठाव झाला आणि पुढील फेब्रुवारीत बालसम्राट पु-यी यांना पदत्याग करावा लागला. हजारो वर्षांची राजेशाही चार महिन्यांत संपली. सप्टेंबरअखेर इटलीने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले. या युद्धात १ नोव्हेंबरला लिबियात विमानातून बॉम्ब टाकण्यात आले. युद्धातील हा असा पहिलाच प्रयोग. विशेष म्हणजे त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीला विमानाने टपाल नेण्यात आले होते. विमानाचे दोन्ही उपयोग एकाच वर्षी जगाने पाहिले.

मेरी क्युरी यांना रसायनशास्त्राचे नोबेल, रुदरफोर्ड यांचा अणुकेंद्राचा सिद्धांत, १४ डिसेंबरला आमुंडसेन यांचे दक्षिण ध्रुवावर पाऊल, या याच वर्षाच्या नोंदी. भारतात ४ जुलैला विनायक दामोदर सावरकर यांना अंदमानात आणले गेले, तर २९ जुलैला मोहन बागानने अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाला फुटबॉलमध्ये हरविले.

परभणीकरांच्या दृष्टीने आणखी एक घटना महत्त्वाची आहे, ती परभणीत घडली नाही म्हणून. १६ मार्चला गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळावी, एवढीच त्यातील माफक मागणी होती. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. मंजूर झाले असते तरी संस्थानी प्रजेस ते लागू नव्हते. मराठी बोलणाऱ्या या जिल्ह्याचा सरकारी कारभार तेव्हा उर्दूतून चाले. दिल्लीच्या घोषणा असोत की गोखल्यांचा आग्रह, मनमाड-हैदराबाद लोहमार्गावरून त्यांच्या वार्ता परभणीपर्यंत येऊ शकत, कायदा येत नसे.

उस्मान अली खान यांची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने संपली. फसली सन मात्र लगेच गेला नाही. १९४९ मध्ये जहागिरी रद्द करणारा जो कायदा झाला, त्यावरही सन १३५८ फसली असाच आहे.